तोफेला पितळी शेंबी

मित्रांनो, वारंगा फाट्यावर उभं राहून कोणत्याही रस्त्यानं जा, माझ्या तोडीचा ब्रेक क्यू तुम्हाला सापडणार नाही. नांदेडकडं जा, हिंगोलीकडं जा, नाही तर रस्ता सोडून पार शेतातनं जा. नाहीच सापडणार. ही बढाई मी लई दिवस मारली. मग एकदा कोपऱ्यातल्या झाडूनं मला सांगितलं, की बाबा, फाट्यावर ब्रेक क्यू तू एकटाच आहेस. तोडीला कुणी असायला आधी दुसरा कुणी तरी असावा लागतो.

तेव्हापासून मी बढाई मारायचं बंद केलं. एकटेपणा मात्र बंद करता आला नाही.

ब्रेक क्यू म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसंल तर लाजू नका. फाट्यावरच्या अर्ध्या लोकांना अजून माहीत नाही. पूल नावाचा एक खेळ असतो. हिरव्या कापडाच्या टेबलावर रंगीत बॉल तिकोनात गच्च मांडतात, वाड्यात मेंढ्या कोंडतात तसे. मग एक जण पांढरा बॉल काठीनं ताकद लावून त्या घोळक्यावर हाणतो. घोळका चहूकडं पांगतो आणि खेळ चालू होतो. त्या पहिल्या दणक्याला ब्रेक म्हणतात. तो दणका मारायची वेगळी, कडक टोकाची काठी म्हणजे मी. पुढचा सगळा खेळ दुसरी काठी खेळते. तिला साधा क्यू म्हणतात, पण साधेपणा तिच्यात काडीचा नाही.

म्हणजे माझं आयुष्य असं, की एक दणका आणि मग कोपरा. पुन्हा दणका, पुन्हा कोपरा. लग्नात मांडव घालणाऱ्या माणसासारखं. मांडव त्यानं घालायचा, अन् पंगतीला बसला की लोकांनी एकमेकाला विचारायचं, हे कुणाकडचे?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते हिंगोलीतलं धर्मसिंगचं खेळाच्या सामानाचं दुकान. तिथं कॅरमबोर्डांच्या मागं मी उभा असायचो. अंगावर आग ओकणाऱ्या नागाचं स्टिकर होतं. त्या दुकानात मला एक गोष्ट कळली. स्टंप तिघं मिळून विकले जातात. रॅकेटी जोडीनं जातात. बॅडमिंटनची फुलं तर डबाभर निघतात, घरचे सगळे बरोबर. एकटं विकलं जायचं नशीब फक्त माझं होतं. अन् तेही कुणी विकत घेत नव्हतं.

मग एक दिवस प्रभू आला.

प्रभू म्हणजे फाट्याजवळच्या वस्तीवरच्या मेंढपाळाचं पोरगं. चांगलं मिसरूड फुटलेलं. खेळायचा लई बारीक, पण ब्रेक अगदी पुळचट. त्याच्या दणक्यानं बॉल पांगायचे नाहीत, नुसते दचकायचे. म्हणून त्याचा दोस्त बुद्धभूषण त्याला क्यू निवडायला घेऊन आला होता. फाट्यावरचं पूलचं टेबल या बुद्धभूषणचंच. आणि दोघांच्या मागं प्रभूचे वडील, ज्ञानबा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. काठी घ्यायची म्हणल्यावर घरातला जाणता माणूस पाहिजे, म्हणून तेही आले होते.

धर्मसिंगनं आधी सगळ्यात महागाचा क्यू काढला. काळाभोर, चकचकीत.

“ये देखो मामा. कार्बन का माल है.”

ज्ञानबांनी नखानं टोकरून बघितलं. “ह्यात लाकूडच न्हाई?”

“नही मामा. कार्बन.”

“म्हंजी कोळसाच की. कोळशाच्या काठ्या करून इकून राहिले का तुमी?”

प्रभू म्हणाला, “भूषण, सगळ्यात जड असंल तो घेऊ. दणका बसला पाह्यजे.”

“अबे, जड घेऊन काय मुसळानं कुटायचं हाय?” बुद्धभूषण म्हणाला. “जड काठी हळू येती. हाताला पेलावी, सटकन फिरावी. टोक कडक, दांडा सरळ, बस. नक्षी बघायची न्हाई. ब्रेकच्या काठीत लई पैसा बी घालायचा न्हाई. पैसा घालायचा तर खेळायच्या काठीत घाल.”

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं खरं आणि इतकं जिव्हारी लागणारं अजून कुणी बोललं नाही.

मग त्यानं आम्हा स्वस्तातल्या काठ्यांना एकेक करून काचेच्या काउंटरवर घरंगळत सोडलं. वाकडी असंल ती काठी घरंगळताना टोक उडवते, लंगड्या बकरीगत. बाकीच्या साऱ्या लंगडल्या. मी सरळ गेलो. इतका सरळ गेलो, की काउंटर संपला तरी थांबलो नाही, अन् धर्मसिंगच्या पायावर पडलो.

“ही घे,” बुद्धभूषण म्हणाला.

पण ज्ञानबांची परीक्षा बाकी होती. त्यांनी मला उचललं, दुकानाच्या बाहेर नेलं, माझ्यावर सगळा भार टाकून उभे राहिले. मी वाकलो नाही. रस्त्यावर एक बकरी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर खात होती. ज्ञानबांनी मला नुसतं वर उचलून “हैक!” केलं. बकरी निम्मा सत्कारमूर्ती तोंडात घेऊन पळाली.

“बराबर हाय,” ज्ञानबा म्हणाले. “जनावर मानतंय हिला.”

धर्मसिंगनं खरं काय ते सांगून टाकलं. “सस्ता इसलिये है मामा, बीच का पेच ढीला है. जरा घूमता है.”

“काठीला मधीच पेच कशाला ठिवला?” ज्ञानबांनी विचारलं. “काठी कुठं दोन असत्यात व्हय?”

“टेप लावून कसून बसवू,” बुद्धभूषण म्हणाला, आणि माझी खरेदी झाली. टेप लावायची मात्र पुढं सगळेच विसरले.

घरी जाताना मी टमटममध्ये तिघांच्या मांडीवर आडवा होतो. एका वेळी तीन माणसांच्या मांडीवर. मला वाटलं, आपलं एकटेपण संपलं.

बुद्धभूषणचं टेबल पंक्चरच्या दुकानामागं पत्र्याच्या शेडमध्ये होतं. फरशी उतरती, म्हणून टेबलाच्या एका पायाखाली वीट. बाहेरून उसाचा ट्रक गेला, की बॉल आपोआप जागा बदलायचे. त्यावरून भांडण नको म्हणून फाट्याचा नियम होता, की ट्रकनं टेबलाच्या भोकात घातलेला बॉल कुणाचाच नाही.

पहिल्याच दिवशी प्रभूनं मला हातात घेतलं, श्वास रोखला, आणि सगळ्या अंगाचा जोर माझ्यात ओतला. पांढरा बॉल घोळक्यावर आदळला, वर उडाला, खिडकीतनं बाहेर गेला आणि मिराबाईच्या भज्याच्या पिठात पडला. मिराबाईचा गाडा शेडला लागूनच. ती तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिनं सवयीनं हात घातला, गोळा उचलला आणि कढईत सोडला.

एक ट्रक ड्रायव्हर ओरडला, “ओ बाई, ह्यो बटाटा कच्चा हाय!”

“कच्चा कसा असंल? चांगला लाल झालाय.”

“दात हाललाय माझा!”

मिराबाई ते भजं घेऊन शेडमध्ये आली. “ह्ये कुणाचं लेकरू हाय?” तिनं विचारलं. बुद्धभूषणनं पीठ खरवडून बॉल काढला. तो पुढं कायम थोडा तांबूस राहिला, आणि गर्मीच्या दिवसांत त्याला कांद्याचा वास यायचा. पण त्या दिवशी टेबलावरचे बाकी सगळे बॉल झकास पांगले होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला नाव पडलं, फाट्याची तोफ.

शिट्ट्या संपायच्या आत प्रभूनं मला झाडूशेजारी टेकवलं आणि खेळायचा क्यू हातात घेतला.

मित्रांनो, माझं दुःख काय ते इथंच सांगून टाकतो. मला कोपऱ्यातनं प्रभूची नुसती पाठ दिसायची. तो खेळायच्या क्यूला बोटात फिरवायचा, त्याच्या टोकाला निळा खडू लावायचा, त्याच्यावर हनुवटी टेकवून विचार करायचा. कधी कधी त्याच्याशी हळूच बोलायचा सुद्धा. “ह्यो जाऊ दे रे बाबा, ह्यो एवढा जाऊ दे.” माझ्याशी कधी बोलला नाही. तोफेशी कोण बोलतं? बत्ती द्यायची, कानावर हात ठेवायचा, झालं.

तोफेची बाकीची कामं ऐका. पंख्याला काठीनं ढोसल्याशिवाय तो फिरायचा नाही, तर ढोसायला मी. पाल हाकलायला मी. शटर खाली ओढायला मी. एकदा कुणी तरी माझ्यावर ओले मोजे वाळत घातले. तेव्हा झाडू मला म्हणाला, “घाबरू नको, माझ्यावर पोतं वाळवलं होतं.” धीर द्यायची त्याची हीच पद्धत.

ज्ञानबा एकदाच त्या शेडमध्ये आले. बाकड्यावर बसून त्यांनी एक पूर्ण डाव बघितला. मग म्हणाले, “प्रभू, आमी जनमभर पांगलेलं गोळा करतो. तू जमल्यालं पांगवतोस. अन् लोकं तुलाच शिट्ट्या मारून राहिले. काहून?”

“आबा, नंतर एकेक करून भोकात बी घालावं लागतं.”

“भोकात गेलेलं परत येत न्हाई. मेंढी असती तर रडला असतास.”

पण हसता हसता ते उठले तेव्हा गुडघ्याला हात लावून उठले. ते मी पाहिलं. प्रभूनं पण पाहिलं.

तो गुडघाच सगळ्याच्या मुळाशी होता. दिवाळीनंतर शेतं मोकळी होतात, तेव्हा मेंढ्या घेऊन गावोगाव फिरावं लागतं. आज या शिवारात कळप बसवायचा, उद्या त्या. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, चारा मेंढ्यांना. ज्ञानबांचा गुडघा आता त्या चालीचा राहिला नव्हता. कुणी तरी कळपामागं जायला पाहिजे होतं, आणि घरात ‘कुणी तरी’ म्हणजे प्रभू.

त्याच सुमाराला हिंगोलीत जळबा पहिलवानानं नवा क्लब काढला. जळबानं कुस्ती सोडली होती, आवाज सोडला नव्हता. दसऱ्याला त्यानं स्पर्धा ठेवली. जो जिंकंल त्याला क्लबात पोरांना खेळ शिकवायला ठेवणार, पगारावर.

वस्तीवर जेवताना बाप-लेकाचं ठरलं. प्रभूनं फाट्यावर येऊन बुद्धभूषणला सांगितलं ते मी कोपऱ्यातनं ऐकलं.

“जिंकलो तर हिंगोली. कळपाला आबा गडी लावणार.”

“अन् हरलास तर?”

“हरलो तर घोंगडं.”

बुद्धभूषण म्हणाला, “मग हरू नको लेका.” अन् पुढं म्हणाला, “तिथं क्यू ठेवायला भिंतीला लाकडी घोडी हाय म्हणं. ओळीनं उभे करतात.”

मित्रांनो, माझं काळीज हललं. ओळीनं! डावीकडं एक क्यू, उजवीकडं एक क्यू, मधी मी. झाडूबद्दल मला राग नाही, पण झाडूला आयुष्यात फक्त कचऱ्याचाच विषय. मी ठरवलं, की दसऱ्याला असा दणका द्यायचा की टेबलाच्या कानठळ्या बसल्या पाहिजेत.

खंडेनवमीला प्रभूची माय, नर्मदाबाई, म्हणाली, “तुझं हत्यार घरी आण. पूजेला मांडायचं हाय.” प्रभूनं मला वस्तीवर नेलं.

पाटावर कोण कोण होतं म्हणून सांगू! लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळा, ज्ञानबांच्या जुन्या काठ्या, आणि त्यांच्यामधी मी. सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. कातरीनं मला विचारलं, “तू काय कापतोस?” मी म्हणालो, “काही नाही, मी पांगवतो.” ती कुऱ्हाडीशी बोलायला लागली. तरी पण त्या रात्रीइतकी चांगली झोप मला कधी लागली नाही. दोन्ही बाजूला कुणी तरी होतं.

दसऱ्याच्या सकाळी प्रभू अंघोळीला गेला, तेव्हा ज्ञानबांनी मला उचलून उन्हात धरलं. माझं टोक त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. टोकाची टिकली कडक होती, पण इतक्या दणक्यांनी कडेला फुटून फुलली होती.

“अगं, ह्याचं तोंड तर फुटलंय,” ते नर्मदाबाईला म्हणाले. “असल्या काठीनं काय लढंल ते पोरगं?”

मेंढपाळाची काठी टोकाला फुटली, की तिला शेंबी घालतात. शेंबी म्हणजे धातूची टोपी. ती घातली की काठी दगडावर आपटा, खडकावर आपटा, फुटत नाही. ज्ञानबांकडं त्यांच्या वडिलांच्या काठीची एक पितळी शेंबी जपून ठेवलेली होती. त्यांनी ती पत्र्याच्या डब्यातनं काढली, चिंचेनं घासली, चुलीत तापवली.

नर्मदाबाईनं हात कमरेवर ठेवले. “अवो, तो हरला तर तुमच्याच मेंढ्यामागं येतो. तुमच्याच गुडघ्याची तकलीफ जाती. मग ह्ये काहून करून राहिले?”

“येईल तवा येईल,” ज्ञानबा शेंबी फुंकत म्हणाले. “हरून आलेल्या पोराला मेंढी बी ओळखत न्हाई. जाऊ दे त्याला जिंकून. मी हाय अजून.”

आणि त्यांनी ठक, ठक, ठक करून माझ्या टिकलीवर पितळ ठोकलं.

मी ओरडलो. ओरडून काय उपयोग, काठीचं कोण ऐकतं. पूलच्या काठीच्या टोकाला चामडं किंवा तसंच काही तरी पकड घेणारं लागतं, नाही तर ती बॉलवरनं घसरते. हे ज्ञानबांना कुठून माहीत असणार? त्यांच्या साऱ्या आयुष्यात काठीचं टोक फक्त जमिनीला लागलं होतं. त्यांनी मला दिलं ते त्यांच्या घरातलं सगळ्यात चांगलं होतं.

नर्मदाबाईनं माझ्या तोंडावर हळद-कुंकवाचं फडकं बांधलं, घोंगड्याच्या तुकड्याची पिशवी शिवली होती तिच्यात मला घातलं आणि प्रभूला बजावलं, “टेबलापाशी जाईस्तोवर सोडू नको. दृष्ट लागंल.”

हिंगोलीत क्लब गच्च भरला होता. नवं टेबल, नवं कापड, इतकं हिरवं की मेंढ्या बघितल्या असत्या तर आत घुसल्या असत्या. भिंतीला ती लाकडी घोडी. ओळीनं उभे क्यू. पिशवीतनं मला फक्त फटीतनं दिसले. मी मनातल्या मनात माझी जागा सुद्धा ठरवली, खिडकीच्या बाजूची.

प्रभू सुरुवातीचे डाव जिंकला. त्यात ब्रेक समोरच्यांचाच होता, म्हणून मला कुणी बाहेर काढलं नाही. मला पिशवीतनं नुसत्या टाळ्या ऐकू आल्या. मग शेवटचा डाव आला. नाणं उडालं, ब्रेक प्रभूचा.

जळबा पहिलवान गरजला, “चला पोरांनो, फायनल! वारंग्याची तोफ निघू द्या!”

प्रभूनं पिशवी काढली, फडकं सोडलं, आणि त्याचा हात थांबला. पितळ ट्यूबलाइटमध्ये चमकत होतं.

बुद्धभूषण शेजारीच होता. तो कुजबुजला, “अबे, ह्ये काय ठोकलंय?”

प्रभूनं पितळावरनं अंगठा फिरवला.

“येडा हायस का? ह्यानं मारलास तर खेळ खलास. ठेव ते. माझा क्यू घे. घे ना!”

प्रभूनं मान वर केली. समोर दारात ज्ञानबा उभे होते. गुडघा घेऊन, टेम्पोत बसून ते मागाहून आले होते. बसायला कुणी जागा दिली नव्हती, म्हणून दाराच्या चौकटीला धरून उभे होते. प्रभूच्या हातात मी दिसल्याबरोबर त्यांनी पटका सारखा केला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगितलं, “ती शेंबी बघा. आमच्या बाची हाय.”

ते प्रभूनं ऐकलं. मीही ऐकलं.

“प्रभ्या,” बुद्धभूषण काकुळतीला आला, “हिंगोली जाईल हातची.”

“ऱ्हाऊ दे,” प्रभू म्हणाला.

मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. तो माझ्यावर वाकला, आणि माझ्याशी बोलला. हळूच, खेळायच्या क्यूशी बोलायचा तसं. “जमलं तर सरळ जा रे बाबा.”

मी जिवाचं रान केलं, मित्रांनो. पण पितळ ते पितळ. बॉलला लागल्याबरोबर मी घसरलो. पांढरा बॉल हवेत उडाला आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या पेढ्यांच्या ताटात जाऊन बसला. मी खाली आलो आणि माझी शेंबी नव्या कापडात रुतली. प्रभूचा जोर अजून संपला नव्हता. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत मी कापड फाडत गेलो. तिकोनातले बॉल जागचे हलले सुद्धा नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीच पांगवलं नाही.

मग जळबा पहिलवानाचा आवाज आला.

“अय! पूल खेळायला आलास का नांगरायला?”

सगळा क्लब हसला. प्रभूला स्पर्धेतनं काढलं. एक जण पेढ्याच्या ताटातनं बॉल उचलताना एक पेढाही उचलून खाऊन गेला.

दाराशी ज्ञानबांनी प्रभूचा दंड धरला. ते हसत नव्हते. त्यांचे डोळे मोठे झाले होते. “लई जोरात बसला, न्हाई?”

“व्हय आबा. लई जोरात.”

“कापडच कच्चं निघालं त्यांचं.”

“व्हय. कच्चंच होतं.”

“शेंबी नसती तर काठी फुटली असती बघ.”

प्रभूनं बुद्धभूषणकडं बघितलं. बुद्धभूषणनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. “बराबर हाय मामा,” तो म्हणाला. “शेंबीनं वाचली काठी.”

परतीच्या टेम्पोत मी पुन्हा तिघांच्या मांडीवर आडवा होतो.

दिवाळी झाली आणि प्रभू घोंगडं घेऊन कळपामागं निघाला. काठी कोणती घेतली? मीच. त्याची साधी खेळायची काठी बुद्धभूषणच्या टेबलावर राहिली, खडू लावून, दुसऱ्याच्या बोटात फिरत. मला आधी वाटलं, की मी जिंकलो. आता दिवसभर मी त्याच्या हातात. दणका नाही, कोपरा नाही. माझ्यावर हनुवटी टेकवून तो उभा राहायचा. मित्रांनो, त्या हनुवटीची मी किती वाट बघितली होती! पण ती टेकवून तो दूर रस्त्याकडं बघायचा, हिंगोलीकडं जाणाऱ्या गाड्या दिसतील तिकडं. हातात असूनही माणूस लांब असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

कधी दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या, की तो सपाट जागा बघायचा. वाळलेल्या लेंड्या वेचून तिकोन मांडायचा. एक गोल खडा समोर ठेवायचा आणि माझ्यानं ब्रेक मारायचा. पितळावरनं खडा घसरायचा, तरी लेंड्या थोड्या पांगायच्या. एक म्हातारी मेंढी नेहमी बघत उभी राहायची. शिट्टी तिला येत नव्हती.

शेंबी काढायची त्याच्या मनात अनेकदा आलं असंल. पक्कड लावली असती तर निघाली असती. पण दर काही दिवसांनी ज्ञानबांचा फोन यायचा आणि मेंढ्यांची चौकशी झाली की ते विचारायचे, “अन् शेंबी हाय ना जागेवर?”

“हाय आबा.”

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं. वस्तू जपा, जरूर जपा. जिचं काम झालं तिला लगेच कोपऱ्यात उभी करू नका, तिच्याशी दोन शब्द बोला. आणि जपायचं असंल तर आधी तिला कशासाठी बनवलंय ते कुणाला तरी विचारा, मग पितळ ठोका. आणि कुणी मायेनं ठोकलंच, तर प्रभूसारखं वागायचं का बुद्धभूषणचं ऐकायचं, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. मी कुठं आहे तेवढं मात्र सांगतो.

उन्हाळ्यात कळप कनेरगाव नाक्याच्या अलीकडं एका ढाब्यामागच्या पडीक रानात बसला होता. तिथल्या बाभळीला शेंगा वाळून लगडल्या होत्या. मेंढ्यांना त्या लई आवडतात. प्रभूनं मला वर करून माझं टोक बाभळीच्या बेचक्यात घातलं आणि फांदी हलवायला पीळ दिला. मधला पेच सुटला. मागचा अर्धा दांडा त्याच्या हातात राहिला. शेंबीकडचा अर्धा, म्हणजे मी, वर राहिलो. त्यानं मला पाडायला दगड मारला. तो म्हाताऱ्या मेंढीला लागला. ती उधळली, तिच्यामागं सगळा कळप चहूकडं पांगला, आणि प्रभू तो गोळा करायला पळाला. मी बाभळीवर आहे.